ठाण्याच्या जंतूंचा हिशेब ठाण्याच्या डॉक्टरांना मिळावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत नौपाड्याच्या एका आजोबांचं पत्र होतं. नातवाला साधी सर्दी झाली, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक लिहून दिलं, आणि आजोबा संतापले. डॉक्टरांचं नाव त्यांनी लिहिलं नाही हे बरं केलं. मी कळव्याला, खारेगावात, २७ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते आहे. पत्र वाचताना माझ्या मनात दोनदा येऊन गेलं की हा नातू आपल्याकडेच येऊन गेला की काय. म्हणून हे उत्तर, आणि सोबत महापालिकेकडे एक मागणी: ठाण्यातले जंतू कुठल्या औषधाला दाद देतात, ते आम्हा डॉक्टरांना कळवा.

आजोबांचं म्हणणं असं की डॉक्टरांना अक्कल नाही किंवा कमिशन मिळतं. कमिशनचं मला माहीत नाही, मला आजवर एमआरकडून, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, पेन आणि भिंतीवरची कॅलेंडरंच मिळाली. पण अकलेबद्दल थोडं सांगायला हवं. पावसाळ्यात संध्याकाळी सहा ते साडेनऊ या वेळात माझ्याकडे साठेक पेशंट होतात. एकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं. ‘हे व्हायरल आहे, अँटिबायोटिकने याला काही होणार नाही, चार दिवस वाट बघू या’ हे नीट समजावून सांगायला सहा मिनिटं लागतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन पाचशे, रोज एक, तीन दिवस, हे लिहायला दहा सेकंद. बाहेर बाकावर अकरा जण खोकत बसलेले असतात आणि कंपाउंडर दारातून तिसऱ्यांदा डोकावलेला असतो. अशा वेळी अक्कल असते, पण ती दहा सेकंदांकडेच झुकते.

शिवाय पेशंट ठरवूनच आलेला असतो. ‘मॅडम, उद्या ड्युटीला जायचंय, काहीतरी स्ट्राँग द्या.’ ज्याची रोजची रिक्षा उभी राहिली की घरातली चूल थंडावते, त्याला मी ‘आराम करा, गरम पाणी प्या’ सांगितलं की तो मान डोलावतो आणि समोरच्या दवाखान्यात जातो. आमच्या धंद्यात ‘हाताला गुण असणे’ ही एकच डिग्री लोक मानतात. तो गुण तिसऱ्या दिवशी दिसावा लागतो. सर्दी-तापाचा विषाणू बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून उतरणीला लागतो, म्हणून गुण गोळीचा ठरतो.

हे सगळं मला कळत होतं. कळूनही मी अनेक वर्षं तेच करत राहिले. मग एका बाईंमुळे हिशेब करायची वेळ आली.

आमच्या गल्लीत त्या पोळीभाजी केंद्र चालवतात. वय ५८. त्यांना विचारून हे लिहिते आहे, ‘नाव सोडून काय वाट्टेल ते लिहा’ म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांना पाच वेळा लघवीला जळजळ झाली. पाचही वेळा गोळ्या मिळाल्या. तीनदा माझ्याकडून, एकदा गावाला गेल्या होत्या तिथल्या डॉक्टरांकडून आणि एकदा थेट मेडिकलमधून, जुनी चिठ्ठी दाखवून. ती जुनी चिठ्ठीही माझीच. ऑफ्लॉक्सासिन, मग सेफिक्झिम, पुन्हा ऑफ्लॉक्सासिन. दरवेळी दोन दिवसांत बरं वाटलं, त्यामुळे लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते बघणं, मला सुचलं नाही. हे खोटं लिहिलं. सुचलं होतं. पण कल्चरचे काही शे रुपये, रिपोर्टला तीन दिवस, आणि बाईंना संध्याकाळपर्यंत दोनशे पोळ्या लाटायच्या असतात.

सहाव्या वेळी त्या हुडहुडी भरून आल्या, पाठीत डावीकडे ठणका. तेव्हा कल्चर पाठवलं. ई. कोलाय हा नेहमीचाच जंतू निघाला. अशा रिपोर्टमध्ये औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. मी दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे आर होता. एस होता तो नायट्रोफ्युरँटॉइनपुढे. १९५०च्या दशकातलं हे औषध, स्वस्त, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या मार्गदर्शिकेत लघवीच्या साध्या संसर्गासाठी पहिल्या पसंतीचं. शिकत असताना मी ते लिहायचे. कधी सोडलं ते आठवत नाही. त्याचा एमआर दारात येत नाही, आणि ते घेतलं की लघवी गडद तपकिरी होते, मग पेशंट घाबरून रात्री फोन करतात. पण आता त्याचाही उपयोग नव्हता. ते लघवीत उतरतं, किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही, आणि संसर्ग तोवर वर चढला होता. सात दिवस शिरेतून इंजेक्शन द्यावं लागलं. रोज सकाळी त्या इंजेक्शन घेऊन जात आणि हातातल्या व्हेनफ्लॉनवर, म्हणजे शिरेत ठेवलेल्या सुईवर, प्लॅस्टिकची पिशवी बांधून पोळ्या लाटायला बसत.

पहिल्याच खेपेला मी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं असतं तर हे टळलंच असतं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या जंतूला माझ्या गोळ्यांची तालीम मीच दिली, एवढं नक्की.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी घरातले झोपलेले असताना मी दवाखाना उघडला आणि जुलै महिन्यातले, फक्त सर्दी-खोकला-घसा-ताप एवढीच तक्रार असलेले १०० केसपेपर काढून मोजले. ७१ जणांना अँटिबायोटिक दिलेलं होतं. त्यांतल्या ४३ जणांना अ‍ॅझिथ्रोमायसिन. का दिलं, हे एकाही कागदावर नव्हतं. ‘यूआरटीआय’, म्हणजे नाक-घशाचा संसर्ग, हा शिक्का तेवढा सगळीकडे. चिठ्ठीवर अँटिबायोटिकचं कारण लिहावं, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवून सांगितलं होतं. ती बातमी मी वाचली होती, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्डही केली होती.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचं एवढं का लावून धरते ते सांगते, कारण आजोबांच्या नातवालाही बहुधा त्याचंच सिरप मिळालं असणार. हे औषध शरीरात फार रेंगाळतं. निम्मं बाहेर पडायलाच जवळजवळ ६८ तास लागतात. तीन दिवसांचा कोर्स संपला तरी पुढे कितीतरी दिवस त्याचा अंश उरतो. जंतू मरण्याइतका नाही, पण जंतूला सवय व्हायला पुरेसा. आणि हेच औषध टायफॉइडसाठी आपल्या हातात उरलेल्या मोजक्या गोळ्यांपैकी एक आहे. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबाद शहरात २०१६ मध्ये टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की नेहमीची बहुतेक औषधं, अगदी सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शनसुद्धा, तिथे चाललं नाही. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत भरवशाची उरली ती अ‍ॅझिथ्रोमायसिन. ते आपण इथे खारेगाव नाक्यावर शिंकांवर उधळतो आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे तीन कप्पे केले आहेत: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या कप्प्यात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, ऑफ्लॉक्सासिन दुसऱ्यात. २०३० पर्यंत जगातल्या एकूण वापरापैकी निदान ७० टक्के अँटिबायोटिकं पहिल्या कप्प्यातली असावीत, असं सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी ठरवलं. माझ्या ७१ जणांचं गणित बरोबर उलटं निघालं.

मग मी मोबाइलमध्ये कित्येक महिने नुसतीच पडून असलेली आयसीएमआरची २०१९ची मार्गदर्शिका उघडली आणि माझ्या ओपीडीला लागतं तेवढं एका पानावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. घसा दुखतोय, सोबत खोकला आहे, नाक वाहतंय, तर बहुतेक विषाणूच. ताप, टॉन्सिलवर पांढरा लेप, मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, या चारांतल्या तीन तरी गोष्टी जुळल्या तर अँटिबायोटिकचा विचार, तोही जुन्या अमॉक्सिसिलिनचा. मात्र पूर्ण दहा दिवस, कारण तो घसा अर्धवट सोडला तर पुढे ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. जुलाबाला आधी ओआरएस, लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक. जुलाबाला सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी मी बंद केली. कोण घुसलंय ते माहीत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांनाच झोडपायचं, असा तो प्रकार आहे.

खोकल्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. साध्या ब्राँकायटिसचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. अमेरिकेत लोकांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं की सात-नऊ दिवसांत जायला हवा. कळव्यातही वेगळं नाही. आठव्या दिवशी पेशंट वैतागून परत येतो, मी अँटिबायोटिक देते, आणखी आठ-दहा दिवसांनी खोकला थांबतो आणि देवळाबाहेर भेटून तो मला सांगतो, ‘तुमच्या दुसऱ्या गोळीने फरक पडला.’ आता मी पहिल्याच दिवशी कागदावर तारीख लिहून देते: अमुक तारखेपर्यंत खोकला राहील, धाप लागली किंवा ताप पुन्हा चढला तरच आधी या. आणि दोन दिवसांनी दाखवायला आलात तर फी नाही. हे फी नसणं महत्त्वाचं आहे. पेशंटला वाट बघायला सांगायचं आणि परत आल्यावर पुन्हा पैसे घ्यायचे, हे कुणालाही पटणार नाही.

लॉस एंजेलिसमधल्या काही दवाखान्यांत एक प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘गरज नसताना मी अँटिबायोटिक देणार नाही’ असं डॉक्टरांच्या फोटो-सहीचं पत्रक तपासणीच्या खोलीत १२ आठवडे लावलं, तर अनावश्यक अँटिबायोटिकांचं प्रमाण, पत्रक न लावलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ २० टक्केबिंदूंनी कमी झालं. मीही मराठी-हिंदीत पाटी लावली. फोटो नाही लावला. जुलैत ओल येणाऱ्या भिंतीवर माझा फोटो फुगलेला बघायची हौस नाही.

पुढच्या जुलैत पुन्हा १०० केसपेपर मोजले. ७१चे ३२ झाले होते. ३२सुद्धा जास्तच आहेत, मला माहीत आहे. काही पेशंट समोर गेले. एका जुन्या पेशंटच्या सासूबाईंनी तोंडावर सांगितलं, ‘डॉक्टर, आता तुमच्या हाताला पूर्वीसारखा गुण राहिला नाही.’ दोन रात्री झोप लागली नाही, उगाच मोठेपणा कशाला करू.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येते. माझ्या काचेखालचं पान दिल्लीत तयार झालेल्या पुस्तकातून उतरवलेलं आहे. ते चांगलं आहे, पण ते देशाचं आहे. कळव्यातल्या लघवीतला ई. कोलाय यंदा कुठल्या गोळीला दाद देतो, हे त्यात नाही. ही माहिती अस्तित्वात नाही असं नव्हे. ठाण्यातल्या डझनभर लॅब रोज कल्चर लावतात, रोज एस आणि आर छापतात, तो कागद एका पेशंटच्या हातात जातो आणि गोष्ट तिथेच संपते. हे सगळे कागद एकत्र केले, नावं काढून टाकली, जंतूप्रमाणे लावले, की शहराचा तक्ता तयार होतो. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. मोठी रुग्णालयं स्वतःपुरता काढतात. त्याचे नियमही ठरलेले आहेत: वर्षातून एकदा, एका पेशंटचा पहिलाच नमुना धरायचा, आणि एका जंतूचे निदान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. लघवीतल्या ई. कोलायचे ३० नमुने जमवायला आपल्या शहराला वर्ष लागणार नाही.

पण रुग्णालयाचा तक्ता माझ्या उपयोगाचा नाही, हेही सांगून ठेवते. आयसीयूतला जंतू आणि माझ्या बाकावरचा जंतू यांत तुरुंगातला सराईत आणि गल्लीतला टवाळ एवढं अंतर आहे. आयसीयूचा तक्ता बघून मी घाबरून आणखी वरचं औषध लिहीन. म्हणून ओपीडीचे नमुने वेगळे हवेत. त्यातही एक मेख आहे. आम्ही जनरल प्रॅक्टिसवाले कल्चर कधी पाठवतो? पहिली गोळी फसल्यावर. म्हणजे लॅबमध्ये जमतात ते आधीच निर्ढावलेले जंतू, आणि तक्ता वस्तुस्थितीपेक्षा वाईट दिसतो. यावर उपाय म्हणजे काही दवाखान्यांनी दोन-तीन महिने लघवीच्या प्रत्येक तक्रारीचं कल्चर, गोळी सुरू करण्याआधी, पाठवायचं. त्याचा खर्च पेशंटच्या माथी मारता येणार नाही, महापालिकेने उचलायला हवा.

हे जमणारं आहे. कळव्यात महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनची (आयएमए) ठाणे शाखा आहे. ठिकठिकाणी महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत. नवी मुंबईलाही सोबत घ्या, ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीचे आणि कळव्याचे जंतू रोज एकाच दांडीला धरून उभे असतात. आणि ते पान पोचवताना कोणाची पदवी कुठली हे बघू नका. अ‍ॅलोपॅथीची औषधं कुठल्या पदवीने लिहावीत हा वाद कोर्टात चालू द्या, चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येक हातापर्यंत पान गेलं पाहिजे.

स्थानिक सूचना डॉक्टर पाळत नाहीत, असं कुणी म्हणेल. पाळतात, सोपी असेल तर. मुंबई महापालिका पावसाळ्यात लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, सूचना काढते: तुंबलेल्या पाण्यातून किती चाललात, अंगावर जखम होती का, त्यावरून डॉक्सिसायक्लिन कुणाला, किती, आणि तेही ७२ तासांच्या आत. गरोदर बायका आणि लहान मुलं वेगळी. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की त्या संध्याकाळी मी दर दुसऱ्या माणसाला ‘पायाला जखम आहे का’ विचारते आणि गरज असेल त्याला बिनदिक्कत अँटिबायोटिक देते. अँटिबायोटिकशी माझं वैर नाही. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ते कुणीतरी माझ्या गावापुरतं लिहून दिलं तर साडेतीन मिनिटांतही जमतं.

दुसरं, आम्हाला आरसा दाखवा. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना एक पत्र पाठवलं: तुमच्या भागातल्या बहुतेक दवाखान्यांपेक्षा तुम्ही जास्त लिहिता. दंड नाही, धमकी नाही. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं प्रमाण, पत्र न मिळालेल्या तशाच दवाखान्यांच्या तुलनेत, ३.३ टक्क्यांनी कमी राहिलं. आकडा लहान आहे, पण खर्च एका टपालाचा. आपल्याकडे चिठ्ठ्यांची नोंद अशी कुठे होत नाही, त्यामुळे निदान स्वतःचे १०० केसपेपर स्वतः मोजायची पद्धत आयएमएने सुरू करावी. मला असं पत्र आलं असतं तर मी आधी चिडले असते. दुसऱ्या दिवशी हात आखडला असता.

मेडिकलवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. सेफिक्झिमसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रजिस्टर तीन वर्षं जपायचं, पाकिटावर लाल चौकट. कायदा आहे. माझ्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देणाऱ्याला दोष द्यायचा तर आधी मी त्या चिठ्ठीवर ‘फक्त एकदाच’ असं का लिहिलं नाही, हे मला विचारावं लागेल. आता तसा रबरी शिक्काच करून घेतला आहे.

नौपाड्याच्या आजोबांना एक विनंती. पुढच्या खेपेला घरी येऊन पत्र लिहिण्याऐवजी डॉक्टरांना तिथेच विचारा: ‘हे अँटिबायोटिक कशासाठी? दोन दिवस थांबलं तर चालेल का?’ तुम्ही विचारलंत की आम्हाला बरं वाटतं. नको म्हणण्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरवर राहत नाही.

महापालिकेच्या आरोग्य विभागातलं कुणी हे वाचत असेल तर: माझ्याकडे गेल्या दीड वर्षातले २३ कल्चर रिपोर्ट आहेत. नावं काळ्या शाईने खोडून, वय आणि आधी घेतलेली औषधं लिहून, फाइल लावून ठेवली आहे. कुठे आणून द्यायची तेवढं कळवा. मी सोमवार सोडून कुठल्याही दुपारी येऊ शकते.

आपली,
एक जनरल प्रॅक्टिशनर
खारेगाव, कळवा (ठाणे)

(कृपया नाव छापू नये. पेशंट काही म्हणणार नाहीत, पण कंपाउंडर ‘मी तिसऱ्यांदा डोकावलोच नव्हतो’ म्हणून भांडेल.)